साठाच्या खाली, चाळिसाच्या वर

डेक्लन, तुझं जहाज होबार्टच्या धक्क्यावरून सुटलं
त्या संध्याकाळी मी तुझी चिठ्ठी फ्रीजवर चिकटवली.
साठाच्या वर चढवू नकोस,
चाळिसाच्या खाली उतरू देऊ नकोस.
वायर सतत लावून ठेवायची नाही.
महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे घे, नाहीतर
टायर एका कुशीवर झोपून चपटतात.
खाली सही. सहीखाली घाईघाईत:
पॉसम छतात शिरतोय का बघ.

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मी.
आमच्या वेळी टाकी भरलेली असावी लागे.
टाकी, फडताळ, लाकडांची रास पार खिडकीपर्यंत.
वादळाची बातमी लागली की मर्व्हिन
जेवण टाकून पेट्रोलपंपावर पळायचा.
आणि तू सांगतोस, अर्धपोटी ठेव.
तुडुंब भरून नुसतं बसवलं
तरी म्हणे आतून झिजतं माणूस.
माणूस नाही, बॅटरी. खोडत नाही, राहू दे.

एप्रिलात अठ्ठावन्न. मे महिन्यात सत्तावन्न.
मी कॅलेंडरवर लिहीत होते,
दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.
जूनमध्ये डोंगर पांढरा झाला
आणि आकडा घसरू लागला:
त्रेपन्न, एकोणपन्नास, चव्वेचाळीस.
वायर सुटी, दिवे बंद, दार बंद,
मग कोण खातंय आतून?

तुझ्या गॅरेजची भिंत म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची भिंत.
झोप लागत नाही तेव्हा मी तिथेच असते.
अकराला आवाज आला: टक्.
मग बारीक घूं घूं, मग शांत.
दोनला पुन्हा. सव्वातीनला पुन्हा.

दुकानातला पोरगा हसला.
म्हणाला, आजी, गाडी गाढ झोपली की काही खात नाही.
पण कुणीतरी फोनवरून तिला सारखं उठवतंय,
कशी आहेस, विचारतंय.
ती जागी होते, सगळं अंग चाचपते,
उत्तर देते, आणि परत झोपायला
तिला अर्धा तास लागतो.

तुमच्याकडे तेव्हा सूर्यच नव्हता.
मी तुला पाहिलं रे, न पाहताच:
बर्फावरच्या त्या डब्यात, पांघरुणाखाली,
हातात उजळलेली एवढीशी चौकट,
तीत टरूनाच्या गॅरेजचं तापमान, नऊ अंश,
आणि घर नावाचा एक आकडा.

मर्व्हिनच्या शेवटच्या महिन्यात नर्सने मला बाजूला घेतलं होतं.
दिवसातून एकदाच फोन करा, बाई,
बरा आहे म्हणण्यात त्यांचा दिवस संपतो.
मी ऐकलं नव्हतं.

तुला मात्र लिहिलं.
दोन ओळी लिहायला दोन दिवस लागले.
तुझं उत्तर आलं नाही, पण टक् थांबलं.
मग मी वायर लावली, शेजारी स्टुलावर बसून राहिले,
दूध उतू जाऊ नये म्हणून बसावं तशी,
आणि अठ्ठावन्नला काढली.

तेव्हापासून दर रविवारी लिहितेय.
आकडा आधी, मग नदी कशी दिसतेय,
मग पॉसमची खबर. (शिरलाय. तीन आहेत.)

ऑगस्टात तरी ती रुसलीच.
किल्लीचं बटण दाबलं, ढिम्म.
मोठी बॅटरी ठणठणीत होती;
मेली होती ती धाकटी, पुढच्या झाकणाखालची,
जिच्याबद्दल तुझ्या चिठ्ठीत एक अक्षर नव्हतं.
पोटात दोनशे किलोमीटर
आणि कडी काढायला बळ नाही.

किल्लीच्या पोटात दुसरी किल्ली निघाली, लोखंडाची, करंगळीएवढी.
मर्व्हिनची होडी विकली तेव्हा
तिचा चार्जर मी का ठेवला, मुलीने विचारलं होतं.
लाल चिमटा लालला, काळा काळ्याला.
रात्रभर भिंतीपलीकडे काही नाही.
सकाळी हिरवा दिवा, आणि मी दाराला हात लावताच
टक्.

हे आजच सांगायला नको होतं.
आज बुधवार आहे.
आकडा रविवारी कळवीन.